वापरात नसलेलं लेबल

कायानीत दुपारी दोनलाच दिवे लागतात.
बिल्ड संपला, आणि पडद्यावर तेच,
दोनशे तेरा पिवळ्या ओळी.
आमच्याकडे त्यांना वॉर्निंगही म्हणत नाहीत,
गवत म्हणतात.
गवत कोणी वाचत नाही.

मी आज वाचायला बसले,
कारण तळ्यावरचं यंत्र पुन्हा मेलं.
मानामान्सालोच्या बाजूला बर्फाची जाडी मोजत बसतं बिचारं,
बॅटरी एप्रिलपर्यंत पुरेल अशा हिशोबाने,
आणि पुरते नाताळपर्यंत.
हन्नेले म्हणते, थंडीमुळे.
थंडीच्या नावावर इथे काहीही खपतं.

एकशे चाळिसावी ओळ:
लेबल लिहिलेलं आहे, वापरलेलं नाही.
कंपायलर आवाज चढवत नाही.
शेजारीण कुंपणावरून सांगते ना,
तुमच्या मागच्या दाराला कडी नाही हो,
आणि आपल्या कामाला लागते,
तसं.

हा ड्रायव्हर आउलिसचा.
पहिल्याच आठवड्यात म्हणाला होता,
घेणं कोणालाही जमतं, हिल्क्का.
मेमरी घे, वीज घे, घड्याळ चालू कर, इंटरप्ट माग.
चौथ्या पायरीवर नकार आला
तर कसं उतरायचं ते आधी लिही.
शेवटी घेतलेलं आधी परत.
आणि जे घेतलंच नाहीस
ते परत करायला जाऊ नकोस,
तो वेगळाच अपघात.

ऑक्टोबरात तळ्याकाठच्या त्याच्या खोपटाला
कुलूप घालताना पाहिलंय मी त्याला.
आधी पंप, मग नळातलं उरलंसुरलं पाणी, मग मेन स्विच,
किल्ली दारावरच्या फळीवर.
सौनातून शेवटी निघणाऱ्याने
पुढच्यासाठी लाकडं आत आणून ठेवायची,
हे तर तिथे कोणी कोणाला सांगतही नाही.

लेबल पुसलं.
दोनशे बारा.
इतकं सोपं.
सेव्ह करायला बोट गेलं आणि वरच्या वर थांबलं.

लेबल म्हणजे पाटी.
पाटीकडे येणारी वाट नसेल
तर पाटी चुकली,
की वाट कोणी उचलून नेली?

पाटी परत लावली. वाट शोधली.
इंटरप्ट नाकारला गेला की
उडी थेट विजेच्या पाटीवर,
घड्याळाची पायरी ओलांडून.
म्हणजे घड्याळ चालूच.
घरचे निघून गेले हे त्याला कोणी कळवलंच नाही.
चिप पाय पसरते, डोळे मिटते,
आणि ते टिकटिकत राहतं उशाशी
रात्रभर, हिवाळाभर,
बॅटरी संपेपर्यंत.

इतिहास काढला.
तीन वर्षांपूर्वीचा बदल, एक शुक्रवार,
चार वाजून पन्नास मिनिटं.
वर्णन: किरकोळ साफसफाई.
नाव: हिल्क्का केतोला.
त्याखाली, तपासणारा: आउलिस.

फोन लावला.
तो बर्फाला भोक पाडून गळ टाकून बसलेला,
त्याच्याआधी वाराच बोलला.
मी सगळं सांगितलं.
तो गप्प. आमची माणसं गप्प बसतात
त्याहूनही जरा जास्तच.
मग म्हणाला, शुक्रवार होता का?
हो.
हं. थांब, मासा लागलाय.
आणि ठेवला.

एका ओळीत एक शब्द बदलला.
वर्णनात या वेळी नीट लिहिलं
काय चुकलं, कधीपासून, कोणाच्या हातून.
साफसफाई हा शब्द टाळला.

मग टेबलावरच्या यंत्राला मुद्दाम नकार दिला.
इंटरप्ट नाही म्हणाला.
घड्याळ थांबलं, वीज गेली, मेमरी परत,
आणि ड्रायव्हर उंबऱ्याबाहेर,
रिकाम्या हातांनी,
पण कोणाचं काही न ठेवता.

दोनशे बारा.
आकडा मघाचाच. मघाशी तो खोटा होता, एवढंच.

कोट चढवला. दिवा बंद करायला वळले
तर एकशे चाळिसाव्या जागी
दुसरीच ओळ सरकून आलेली:
उत्तर साठवलं, पुढे कधी पाहिलं नाही.

कोट काढला.